लिआऊ आजीचं मिठागर

फोटोग्राफर चाइहोंग फिल्मच्या एकाच चौकटीवर आधी माणूस टिपायचा, मग त्यावरच एखादी जागा. काळ्याभोर केसांतून डोंगर, बांबूची बनं धुक्यासारखी उगवायची. लिआऊ आजीसाठी मात्र जागा शोधून तो मेटाकुटीला आला होता. शेवटी एका पहाटे तीच त्याला मिठागरावर घेऊन आली. पाण्यात आभाळ उतरलं होतं आणि मिठाचे ढीग त्यात ढगांसारखे तरंगत होते.

"हीच जागा घे."

"काहीतरीच काय, आजी! मीठ पांढरं, तुमचे केसही पांढरेफेक. त्यात काय उमटणार, कपाळ माझं?"

आजीनं डोक्यावरचा रुमाल सोडला.

"मेल्या, चाळीस वर्षं इथंच मीठ ओढलंय मी. तू नुसता माझा फोटो काढ. मिठागर त्यात आलंच."