एकोणीस नंबरचं शटर

जबलपूरच्या ऐन बाजारात एक कॉम्प्लेक्स आहे. वर फ्लॅट, खाली दुकानं. फ्लॅट भरलेत, गॅलऱ्यांत कपडे वाळतात, कुकरच्या शिट्ट्या रस्त्यापर्यंत ऐकू येतात. खालची दुकानं बंद. एखाददुसरं नाही, ओळीच्या ओळी.

तिथे आधी टिनाच्या छपरांची रांग होती. छत्र्या दुरुस्त करणारे, चष्म्याच्या काड्या बदलणारे, रजया भरणारे, बांगडीवाल्या. त्यांना उठवताना सांगितलं गेलं, पक्की दुकानं होतील आणि पहिला हक्क तुमचाच. झाली पक्की दुकानं. आणि घेतली कोणी? ज्यांना दुकान चालवायचंच नव्हतं त्यांनी. भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवली, जसं लोक सोनं घेऊन ठेवतात. सोनं निदान कपाटात पडून राहतं, कोणाच्या पोटावर बसत नाही.

मालक वर्षातून एकदा येत, दिवाळीला. शटर वर, केर काढला, चौरंग मांडला, लक्ष्मीचा फोटो, आरती, पेढे, शटर खाली. दर वर्षी शटरवर ‘शुभ-लाभ’ची नवी पट्टी, जुनीच्या वरच. नखाने खरवडलं की खालची दिवाळी दिसायची, तिच्याखाली त्याच्या आधीची. मला याचा संताप यायचा. अजूनही येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

याविरुद्ध उभे राहिलेले आम्ही चार-पाच जण होतो. पत्रकं मी लिहायची. घरात मराठी, पण शहर वाचतं हिंदी, म्हणून हिंदीत. एक कागद, एक मागणी आणि पहिल्याच ओळीत ठोसा, एवढंच मला लिहिण्यातलं कळत होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी मी त्या कॉम्प्लेक्ससमोर रस्त्यापलीकडे वही घेऊन उभी राहिले आणि खाली पडलेल्या प्रत्येक शटरचा नंबर लिहून काढला. पत्रकाचं नाव ठेवलं ‘ताले गिनिए’. खाली सगळे नंबर, जाड अक्षरांत. रातोरात नाही, दिवसाढवळ्या, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी ज्याच्या त्याच्या शटरवर चिकटवलं.

चौथ्या दिवशी मावशी आमच्या दारात आली.

मावशी म्हणजे नात्यातली नव्हे. शहराच्या कडेला, महाराजपुरात, आमच्या मागच्या गल्लीत राहते. साड्यांना फॉल लावणं, पिको, जुने कपडे आल्टर करणं, यावर तिचं घर चालतं. रोज सकाळी ऑटोने शहरात जायची, संध्याकाळी परत यायची, हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं. तिच्या हातात माझं पत्रक होतं.

“हे तू लिहिलं?”

“हो मावशी.” मला वाटलं, शाबासकी द्यायला आली. खरंच वाटलं.

“छान लिहिते. वाचून राहिली होती तर मलाच राग आला त्या एकोणीस नंबरवाल्याचा. मग ध्यानात आलं, अरे, हा तर आपलाच नंबर!”

आईने पाणी आणलं. मावशी प्यायली नाही.

मावशी आधी त्या टिनाच्या रांगेत बसायची, पण दुसऱ्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात, म्हणून कुठल्याच यादीत तिचं नाव नव्हतं. कॉम्प्लेक्स झाल्यावर चौकीदाराने तिला एकोणीस नंबर उघडून दिलं. दिवाळीआधी झाडायला म्हणून त्या दुकानाची किल्ली त्याच्याकडे असायची. तिने झाडायचं, उंदीर होऊ द्यायचे नाहीत, दिवाळीला शिलाई मशीन हलवायचं आणि कोणाला काही सांगायचं नाही. सकाळी ती शटर अर्धं वर ठेवी. दुपारी ऊन थेट आत येई, तेव्हा वीतभर फट सोडून पूर्ण खाली ओढे. मी मोजलं ते दुपारी. रस्त्यापलीकडून.

पत्रक वाचून कॉम्प्लेक्सचा मॅनेजर दुकानं तपासत फिरला आणि एकोणीसमध्ये त्याला मशीनवर वाकलेली मावशी सापडली. मशीन जिन्याखाली, किल्ली मॅनेजरच्या खिशात, शटरला नवं कुलूप.

“ही जीन्स घातली ना तू,” मावशी म्हणाली, “हिची चेन मी बसवली. त्याच दुकानात. काहून नाही विचारलं गं एकदा, की मावशी, तू बसते कुठं?”

छोट्या दुकानदारांच्या वतीने पत्रकं लिहिणारी मी. हे एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे गेले. मोठ्याने बोलले. तो हसला. “आपने ही तो लिखा है दीदी, उन्नीस नंबर बंद है. हमने बंद कर दिया. अब क्या शिकायत है?”

पुढचे पाच महिने मशीन मावशीच्या घरात होतं. तिची गिऱ्हाइकं म्हणजे कुंडम गावाहून बसने बाजाराला येणाऱ्या बायका. सकाळी साडी टाकायची, बाजार करायचा, दुपारच्या बसला फॉल लागलेली साडी घेऊन चढायचं. त्या येत, कुलूप बघत, परत जात. महाराजपुरापर्यंत येऊन पुन्हा बस गाठणं कोणाला जमणार? मावशीला जागा हवी होती ती तिथेच, नाहीतर काम नाही. मी महापालिकेत अर्ज केले. उत्तर आलं, मालमत्ता खासगी आहे. मी म्हटलं, दुसरं पत्रक काढते, तुझ्यावर. मावशीने हात जोडले. “नको बाई. तुझं एक पत्रक झेपून राहिलं तेवढं पुरे.”

दिवाळीच्या चार दिवस आधी तीच म्हणाली, “शटर उघडते ना त्या दिवशी? पूजेला?”

“हो.”

“मग चलो. मशीन उचलू लागा सारे.”

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिवेलागणीला आम्ही हातठेला घेऊन पोचलो. मशीन धुऊनपुसून, तेलपाणी करून आणलेलं, वर झेंडूची माळ. एकोणीसमध्ये मालक, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई चौरंग मांडत होती. मागे चार भिंती, एक उघडा बल्ब.

मावशी उंबऱ्याशी उभी राहिली. “माँजी, दुकान में पूजा है और दुकान में कुछ है ही नहीं. ना तराजू, ना गल्ला. लक्ष्मीजी आके बैठेंगी काहे पे?”

मालक म्हणाला, “आप कौन?”

“यहीं काम करती थी, भैया. आपकी झाड़ू भी मैंने ही लगाई, तीन साल.”

म्हातारी मुलाकडे बघून म्हणाली, “हर साल मैं यही कहती हूँ कि खाली कमरे में घंटी मत बजाया कर.” मग मावशीला, “ले आ बेटी, रख यहाँ.”

आम्ही मशीन आत नेऊन चौरंगाशेजारी ठेवलं. म्हातारीने मशीनच्या चाकाला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. आरती झाली. पेढे वाटून होताच मालक म्हणाला, “चलिए, अब उठाइए इसे, ताला लगाना है.”

“पागल हुआ है?” म्हातारी ओरडली. “पूजी हुई चीज़ विसर्जन के पहले हिलाएगा? और लक्ष्मीजी के दिन शटर गिराएगा?”

मालकाने हात मागे घेतला. शटर अर्धं वर राहिलं. दिव्याजवळ कोणीतरी बसायला हवं होतं, मावशी बसली.

पाडव्याला मालक आला नाही. दिवा विझला नव्हता. सकाळी मावशीने तेल घातलं आणि मशीनला पाय लावला. झेंडूची माळ तशीच, चाकाच्या वर. आठवड्याने मॅनेजर कुलूप घेऊन आला.

“अम्मा, विसर्जन कब है?”

“पंडितजी से पूछ रही हूँ. मुहूरत ही नहीं निकल रहा.”

“कब निकलेगा?”

“तुम्हारी पैंट की सिलाई उधड़ी है पीछे से. दे जाना.”

वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी मला ऐकवलं, देवाच्या नावाने चालूपणा करता. हो, करतो. आणि वर्षातून एकदा रिकाम्या खोलीत घंटा वाजवून कुलूप घालणं, ते काय असतं, काका? त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

मालकाचे मला फोन येतात. भांडण संपलेलं नाही, मी ते संपवणारही नाही. झेंडू वाळून काळा पडलाय, दिवा रोज लागतो आणि कुंडमच्या बायका दुपारच्या बसला फॉल लागलेल्या साड्या घेऊन चढतात.

मग मी नवं पत्रक काढायला घेतलं. मागणी तीच: दुकानं उघडा, नाहीतर ज्यांना उठवलंत त्यांना भाड्याने द्या. या वेळी रस्त्यापलीकडे उभी राहिले नाही. कॉम्प्लेक्समध्ये शिरले आणि एकेक शटर हाताने वाजवत गेले. पुढची रांग, मग मागची. टिनाचा पोकळ आवाज, नंबर वहीत. टिनाचा आवाज, नंबर वहीत.

मागच्या रांगेत एका शटरमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दबका प्रश्न, “कौन?”

तो नंबर मी वहीत लिहिला नाही, इथेही लिहिणार नाही. शटरला तोंड लावून म्हटलं, “कोई नहीं, भैया. चालू रखो.”