गाव न विचारणारे काका

आमच्या भागात एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी एकच विचारतो, "गाव कंचं?" परवा पाटणच्या गाडीत भेटलेल्या माजी सैनिक काकांनी ते विचारलंच नाही. पिशवी मांडीवर घेतली, टॉवेलानं सीट पुसून मला जागा दिली आणि म्हणाले, "जेवलाय न्हवं?"

मलाच राहवेना. "आवं काका, गाव नाही विचारलंत?"

ते मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "शांतिसेनेत लेबनॉनला हुतो. तितं एक घड्याळजी हुता, आर्मेनियन. सवयीनं इचारलं, गाव कंचं? त्यानं तुर्कस्तानातलं गाव सांगितलं. इहीर कुटं, चर्च कुटं, जर्दाळूची झाडं कुटं, समदं सांगितलं. म्हनलं, कवा जातोस गावाला? तर म्हनला, मी बघितलंच न्हाई. त्येची आज्जी ल्हान असताना तिथल्या सरकारच्या शिपायांनी आर्मेनियन म्हनून गावातले बापय मारले, बायापोरं वाळवंटात हाकलली. घरातली आज्जी तेवढी वाचली. आता गावात त्यांचं कुनी न्हाई. गावाचं नावबी बदललंय."

टॉवेलाची घडी घालत ते म्हणाले, "तवापास्नं कुनाला गाव इचारवत न्हाई."

नाका आला तसे ते उठले. मी विचारलंच, "आणि तुमचं गाव कंचं?"

त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. उसापलीकडं देवळाचा कळस आणि पाण्याची टाकी दिसत होती.

"त्ये काय. हाय अजून," ते म्हणाले, आणि उतरण्याआधी त्यांनी पुन्हा एकदा वाकून बघितलं.