पाळीवरची हाक

सुरुवातीलाच माफी मागतो. परीक्षेचे पेपर आणि शिष्यवृत्तीचे अर्ज सोडले तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे गावाला वाटतं की याला लिहिता येत असेल. त्यातून विषय कॉम्प्युटरवरच्या एका गेमचा. मोठ्या माणसांनी तो कशाला वाचावा, असं मलाही वाटतं. पण गेल्या पावसाळ्यात मी जेवढा घाबरलो, तेवढा आधी कधी घाबरलो नव्हतो. ते कुठेतरी ठेवून द्यावं म्हणून लिहितो आहे.

गोंदियाजवळ फुलचूरला मी एका मित्राबरोबर खोली करून राहतो. लॅपटॉप त्याचा. त्यावर तो गेम पहिल्यांदा दिसला. एक तलाव, त्याची मातीची पाळ म्हणजे बांध, पाळीखाली गाव. पाऊस वाढत जातो आणि पाळ फुटू द्यायची नाही. गेम अजून अर्धाच झाला होता. एक मुलगा एकटाच तो बनवत होता. ज्याला आवडेल त्याने आधीच पैसे द्यायचे, कच्चा गेम खेळायचा, चुका सांगायच्या. त्या पैशांवर तो पुढचं बनवणार. धान रोवण्याच्या मजुरीतून मी पैसे भरले.

घरी गेल्यावर बाबांना सांगितलं, तर ते हसले.

"म्हणजे पाळ बांधाच्या आधीच पाणपट्टी?"

"हो, तसंच."

"अन् त्यानं बांधलीच नाही तं?"

"मग गेले पैसे."

"वा रे शिकलेला!"

पण तलाव आहे म्हटल्यावर त्यांनी माझा मोबाइल हातात घेऊन त्यावरचं गेमचं चित्र बराच वेळ पाहिलं. आमचे पूर्वज तलाव बांधणारे. अजूनही जोराचा पाऊस लागला की पाळीवर फिरायला घरोघरची माणसं निघतात. "सांडवा कुठे आहे याचा?" बाबांनी विचारलं. जादा पाणी बाहेर सोडायला गेममध्ये सांडवा नव्हताच. ते मी त्या मुलाला कळवलं. त्याने पुढच्या वेळी सांडवा केला आणि माझे आभार मानले. तेव्हापासून मी त्याला लिहू लागलो.

गेममध्ये पाळ जिथे फुटणार असेल तिथे लाल खूण दिसायची. ते मला खटकायचं. मी लिहिलं, "सर, पाळीवर लाल खूण नसते. पाळ पायाला कळते. पाऊस चालू असताना चपला काढून चालून बघा. जिथे टाच जास्त रुतते आणि माती एकदम गार लागते, तिथे आत पाणी शिरलेलं असतं."

त्याचं उत्तर आलं. "सर म्हणू नका हो, मी तुमच्यापेक्षा फार मोठा नाही. गंमत सांगू? मी तळ्याचा गेम करतोय आणि मला पोहता येत नाही."

मीही हसलो होतो. मग गेमच्या पानावर सगळ्यांसाठी त्याने दोन ओळी टाकल्या. गोंदियाच्या एका मित्राने सांगितलंय म्हणून उद्या एका तलावावर जातोय, अनवाणी. आल्यावर नवा भाग देतो.

त्यानंतर काहीच आलं नाही.

आठवडा गेला, मग दुसरा गेला. त्या पानावर लोक चिडू लागले. पैसे परत द्या, पळाला, चोर आहे. माझा खोलीतला मित्र शहरात वाढलेला, हिंदीत बोलणारा. तो म्हणाला, "अबे, डूब गया तेरा पैसा. भूल जा."

तो पैशाबद्दल बोलत होता. मला मात्र त्यातला एकच शब्द ऐकू आला.

मी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रं उलटू लागलो. पावसाळ्यात आमच्याकडच्या पेपरात रोज कुठेतरी कोणीतरी बुडालेला असतो. आधी मी त्या बातम्या वाचायचोही नाही. आता तेवढ्याच वाचायचो. त्या मुलाचं खरं नाव मला माहीत नव्हतं. पानावर त्याने एक टोपणनाव घेतलेलं होतं. गाव माहीत नव्हतं, तलाव कुठला तेही नाही. त्यामुळे 'अनोळखी तरुण' असं कुठेही छापलेलं दिसलं की मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचायचो. तरुणाच्या पायात चप्पल होती की नव्हती, हे कोणी छापत नाही. मी मात्र तेच शोधायचो.

पोळ्याला गावी गेलो. आई म्हणाली, "काऊन रे, तोंड उतरलं तुझं?" बाबा गोठ्यात बैल सजवत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "संग कोण होता त्याच्या?"

आमच्याकडे पाळीवर एकटं कोणी जात नाही. एक जण पुढे चालतो, दुसरा मागे राहून हाक देतो, पुढच्याने ओ द्यायची. ओ आली नाही की मागचा धावतो आणि गावालाही ओरडून उठवतो. मी लहानपणापासून बाबांच्या मागे हाक देत चाललो आहे. हे सांगावं लागतं, हेच मला सुचलं नव्हतं. टाच सांगितली, माती सांगितली, आणि दुसरा माणूस सांगायचा राहिला. चालताना पाय जमिनीला लागतात, हे जसं कोणी वेगळं सांगत नाही, तसं.

"त्याला पोहता येत नव्हतं, बाबा."

बाबांनी बैलाच्या शिंगाचं बेगड नीट केलं. मग म्हणाले, "आता कायले रडून राहिला? हाक दे."

"दिली. किती वेळा लिहिलं."

"मंग अजून दे. ओ येईपर्यंत पाळीवरून उतराचं नसते."

फुलचूरला परत आल्यावर रोज सकाळी मी त्या पानावर लिहू लागलो. 'आहात का?' एवढंच. वर पैसे परत मागणारे, खाली पैसे परत मागणारे, मध्ये माझं 'आहात का?'. कोणीतरी विचारलं, हा याचा नातेवाईक आहे का? कोणी म्हणालं, सामील आहे. मित्र म्हणाला, "पागल हो गया है क्या बे?" पण सकाळी लॅपटॉप मला आधी द्यायला लागला. धान निसवायला लागलं, लोंब्या दिसू लागल्या, पाऊस ओसरला. पेपरातल्या बुडण्याच्या बातम्या कमी झाल्या, तरी माझी भीती कमी होईना. उलट आता बातमी यायची राहिली नाही, येऊन गेली असेल आणि आपल्या नजरेतून सुटली, असं वाटायचं.

मग एका सकाळी मला स्वतंत्र मेल आला. सगळीकडे जोडाक्षरं चुकलेली, वाक्यं तुटलेली. तो असा होता:

'मी आहे. उजवा हात अजून प्लास्टरमध्ये, डाव्याने लिहितोय. माती गार लागली, तुम्ही म्हणालात तशीच, आणि पाय घसरला. पाळीच्या खालच्या बाजूला पडलो, पाण्याच्या नाही. फोन चिखलात गेला, पासवर्ड त्यातच होते, आज कुठे आत शिरता आलं. बराच वेळ पडून होतो. वरून कोणीतरी एकसारखं ओरडत चाललं होतं. मला वाटलं गुरं हाकतोय, म्हणून मी गप्प राहिलो. तोच शेवटी खाली उतरला आणि मला म्हणाला, ओ का देत नाहीस? पैसे मागणाऱ्यांचे परत करतोय. तुमचे ठेवू का? गेममध्ये मागे चालणारा एक माणूस घालायचा आहे. तुमच्याकडे नक्की काय ओरडतात, ते लिहून पाठवा.'