अळी नसलेली वांगी

समोरच्या घरातली बाई रविवारी कायमची गावी निघाली आहे, हे मला सोमवारी लिफ्टमध्ये कळलं आणि तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकेना. ओट्यापाशी जायचं, काय करायला आले ते विसरायचं, गॅलरीत यायचं, पलीकडच्या बांधकामावरची क्रेन बघायची, परत ओट्यापाशी. बसले की उठावंसं वाटे, उठले की गुडघे शिव्या घालत. बाहेर मे महिना, घरात मी. नात म्हणाली, "आजी, एवढी चाललीस त्यात करी रोडवरून प्रभादेवीला पोचली असतीस."

प्रभादेवी सोपी होती. मला जायचं होतं समोरच्या दारापर्यंत. सात पावलं. ती मला सोळा वर्षांत टाकता आली नव्हती. त्या बाईची माफी मागायची होती, आणि आता हातात सहा दिवस उरले होते.

हा टॉवर उभा आहे तिथे आधी आमची चाळ होती. ती आणि मी एकाच मजल्यावर, मध्ये दोन खोल्या. दोघींचे नवरे गिरणीत, दोघींचे नवरे गिरणी बंद पडल्यावर घरात. माझ्याला पुढे वॉचमनची नोकरी लागली. तिच्याला काही लागलं नाही, म्हणून तिने चाळीच्या तोंडाशी भाजी मांडली. सकाळी लवकर दादरहून माल आणायची, आठच्या आत पाट्या लावून बसायची. बोटांत असं कसब, की वांगं नुसतं फिरवून सांगायची, "यात अळी आहे, ठेव खाली, दुसरं देते."

आणि मी? मी चाळीच्या महिला मंडळाची चिटणीस. वय अठ्ठावन्न, केस पिकलेले, आत मात्र काहीही पिकलेलं नाही. 'मी रोज पेपर वाचते' याचा कोण तोरा! पेपर आमच्याकडे येतच नव्हता. मी वाचायचे तो फरसाण बांधून आलेला कागद.

त्या जानेवारीत अशाच एका कागदावर वांग्याबद्दल अर्धा लेख निघाला. तेव्हा जिकडेतिकडे त्या नव्या वांग्याची चर्चा होती. मातीतल्या एका जिवाणूचा गुण वांग्याच्या बियाण्यात घातलाय, त्यामुळे वांगं पोखरणारी अळी ते खाऊन मरते, आणि काही जाणकारांना याची काळजी वाटते. इथपर्यंतचं मला मिळालं. उरलेला अर्धा लेख दुकानदाराने दुसऱ्या कुणाच्या तरी शेवेला गुंडाळून दिला होता. शहाणी बाई म्हणाली असती, पुढचं वाचू, मग बोलू. पण मी शहाणी नव्हते, मी चिटणीस होते.

भोगीच्या आदल्या दुपारी मंडळाची सभा होती. विषय एकच, हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं. मी गणपतीतला माईक कपाटातून काढायला लावला. पस्तीस बायका, नुसतं बोललं तरी खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी खोली, माईक कशाला? पण मला माईक आवडायचा.

"भगिनींनो," मी म्हणाले, "जे खाऊन अळी मरते, ते आपण पोरांच्या ताटात वाढायचं का?"

वाणाच्या प्लास्टिकच्या डब्या बाजूला राहिल्या. मागून एकीने विचारलं, "पण ते वांगं ओळखायचं कसं?"

हे लेखाच्या माझ्या अर्ध्यात नव्हतं. म्हणून मी ते जागच्या जागी तयार केलं. "सोप्पंय," मी म्हणाले. "कापून बघा. अळी निघाली तर वांगं खरं. नाही निघाली तर समजून जा."

टाळ्या पडल्या हो! खरंच पडल्या.

दुसऱ्या दिवशी भोगी. गाजर, पावटा, हरभरे सगळं असलं तरी वांग्याशिवाय भोगीची भाजी होत नाही. म्हणून शेजारणीने वांग्यांच्या तीन पाट्या भरून आणल्या होत्या. सभेला ती नव्हतीच, धंद्यावर होती. मी गॅलरीत कठड्याला रेलून उभी.

पहिली बाई गेली. "अळीवालं आहे का गं?"

"काय?"

"अळीवालं वांगं. असलं तर दे अर्धा किलो."

शेजारीण हसली. तिला थट्टा वाटली. दुसरी आली ती घरून सुरी घेऊनच. एक चिरलं, आत पांढरंशुभ्र. तोंड वाकडं करून ठेवून दिलं. दुसरं चिरलं, तेही स्वच्छ. "नको बाई," म्हणून चालती झाली. तिसरीला मात्र शेजारणीने धरलं. "गेल्या आठवड्यात अळी निघाली म्हणून वांगं माझ्या पाटीत आदळलंस. आज अळी नाही म्हणून आदळतेस? अळ्या काय मी गावावरून पार्सल मागवू?"

वर मी पदर तोंडाला लावून हसत होते. छाती अशी फुगलेली, जसं काही अख्खी चाळ मी आगीतून बाहेर काढली. चाळीची भोगी त्या वर्षी वांग्याविना झाली. दुपारी शेजारणीने तिन्ही पाट्या एकेक करून वर नेल्या. तिसऱ्या वेळी जिन्याशी थांबून तिने माझ्याकडे बघितलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं. बोलली मात्र काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. भांडण मला येतं.

मग आठवडाभर तिच्या खोलीतून भाजलेल्या वांग्याचा वास येत राहिला. आणि संशय वांग्यावर थांबला नाही. टोमॅटो एवढा लाल कसा? भोपळा एवढा मोठा कसा? होळीपर्यंत पाट्या उठल्या. ती परळला एका ऑफिसच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला जाऊ लागली. त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे "पाणी आलं का" आणि "लिफ्ट थांबवा".

इथपर्यंत मला नुसती मूर्ख म्हणता येईल. पुढचं ऐका. भोगीनंतर महिनाभराने टीव्हीवर बातमी सांगितली, ते नवं वांगं सरकारने थांबवलंय, ते बाजारात आलंच नव्हतं. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. शेजारणीच्या पाट्या तेव्हा अजून खाली होत्या, रोज थोड्या रिकाम्या, रोज थोड्या उशिरा मांडलेल्या. मी उठून दोन खोल्या पलीकडे जायला हवं होतं. मी चॅनल बदललं.

तर आता हा मे महिना. नात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. सोसायटीच्या उन्हाळी शिबिरात तिला मुलांना दोन गोष्टी समजावून सांगायच्या होत्या, जग तापतंय ते का, आणि बदललेलं बियाणं म्हणजे काय. सराव माझ्यावर. "तुला कळलं की आठवीला कळेल," म्हणाली.

मंगळवारी तापण्याची पाळी. पृथ्वीभोवती वायूंची एक गोधडी आहे, ती म्हणाली, आणि ती हवीच, नाहीतर आपण गारठून मेलो असतो. पण कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून माणसाने ती जाड करत नेली. आतली ऊब बाहेर जाईना.

"म्हणजे आज उकडतंय ते त्यानेच?" मी पंख्याखाली उभी राहून विचारलं.

"एका दिवसावरून ठरवत नाहीत, आजी. वर्षानुवर्षांच्या नोंदी बघतात. आजची हवा म्हणजे तुझा मूड. हवामान म्हणजे तुझा स्वभाव."

"आणि आमच्या गिरणीच्या चिमणीचा धूर?"

"काजळी तेव्हाच खाली पडली. तुमच्या दोरीवरच्या कपड्यांवर. पण त्यातला न दिसणारा वायू बराचसा अजून वरच असणार. शेकडो वर्षं राहतो तो."

मी गॅलरीत गेले. त्या चिमणीतून धूर निघाला की आम्ही बायका खूश व्हायचो, गिरणी चालू आहे, चूल चालू राहील. गिरणी गेली, चिमणी गेली, नवरा गेला. त्या धुराचं काहीतरी अजून डोक्यावर आहे म्हणे. केलेलं कुठे जातच नाही की काय? मला परत शेजारीण आठवली. परत ओट्यापाशी गेले.

बुधवारी बियाणं. मी मांडीवर वाती वळत बसले होते. "हे मला येतं," मी म्हटलं. "वांगं."

"वांगं आपल्याकडे आलंच नाही. परवानगीने आपल्या शेतांत पिकतंय ते एकच, कापूस."

माझा हात थांबला. "कुठला कापूस?"

"बहुतेक सगळा. तुझ्या मांडीवरचाही, बहुतेक."

घ्या! ज्या वांग्याच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता त्याला मी माईकवरून हाकललं, आणि ज्या कापसात जिवाणूचा गुण घातलाय तो रोज सकाळ-संध्याकाळ भक्तिभावाने देवापुढे लावत होते. गादी त्याची, उशी त्याची, त्या सभेत नेसले होते ती साडीसुद्धा. आणि ते फरसाण सरकीच्या तेलात तळलेलं असेल, तर बोलायलाच नको.

"म्हणजे हे वाईट की चांगलं?" मी विचारलं.

"सुरुवातीला अळी मेली, फवारणी कमी झाली. मग एक अळी सरावली, फवारणी परत वाढली. बी दर वर्षी विकत घ्यावं लागतं. प्रत्येक पिकाचं वेगळं बघावं लागतं, आजी. एका शब्दात उत्तर नाही."

"भाषणाला एका शब्दातच लागतं."

"म्हणून तू भाषण करू नकोस."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, पाट्या, सुरी, टीव्ही. तिने वाती माझ्या मांडीवरून उचलून ताटलीत ठेवल्या. "मग जा ना समोर." गुरुवार मी त्यावर विचार करण्यात घालवला, म्हणजे माळा आवरला.

शुक्रवारी गेले. दार उघडंच होतं. खोलीभर खोकी, मध्ये ती, स्टीलचे डबे कागदात गुंडाळत.

"इलंस?" मान वर न करता म्हणाली. "वाट सापडली म्हणायची."

मी उभ्यानेच बोलले, बसले असते तर परत वेगळाच विषय काढला असता. "ती वांगी चांगली होती."

"माका सांगतंस? मीच आणली होती ती."

"मी चुकीचं बोलले माईकवर."

"ते पण माहीत आहे मला."

"आणि महिनाभरात कळलं होतं मला. तुझ्या पाट्या उठायच्या आधी. मी गप्प बसले."

आता तिचे हात थांबले. हे तिला नवीन होतं. हातातला डबा तिने अर्धवट गुंडाळलेलाच खाली ठेवला. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी समजत होते तू अडाणी आहेस. लबाड आहेस ते आज कळलं."

मला भांडण येतं म्हटलं मी मघाशी. आलं नाही.

"मला सांगून काय उपयोग गो?" ती म्हणाली. "मला वांगी माहीत होती. ज्यांना माहीत नव्हती त्यांना सांगितलंस, त्यांनाच सांग."

जुन्या चाळीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, सकाळी फुलं पाठवतात, संध्याकाळी देव. तिने माझा फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी बोलले. तिने ऐकलं आणि पुसून टाकलं. "'गैरसमज झाला' म्हणजे काय? आपोआप झाला?" दुसऱ्यांदा बोलले. "हळू काय बोलतेस? तेव्हा रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं." तिसऱ्यांदा मी सांगितलं, की मी अर्धा लेख वाचून खोटी परीक्षा सांगितली, की वांगी स्वच्छ होती, की मला नंतर कळलं आणि मी लपवलं, आणि त्यात एका बाईचा धंदा गेला. ते तिने ग्रुपवर जाऊ दिलं.

पाचच मिनिटांत उत्तरं. एकीचा अंगठा. एकीचं "खूप छान माहिती ताई". एकीने कमळ पाठवलं. सुरीवाली मात्र बराच वेळ काहीतरी लिहीत होती, मग लिहायची थांबली, मग नुसतं आलं, "मी दोन चिरली होती. तशीच टाकून गेले. मला आठवतंय."

शेजारणीने ते दोनदा वाचलं. फोन परत दिला. चहा नाही, पाणी नाही. मी वळणार तेवढ्यात म्हणाली, "गावी आमचं शेत खाडीला लागून. आता भरतीचं पाणी वारंवार बांध ओलांडून येतं, भात जळतो. दीर म्हणतो, खाऱ्या पाण्यात तगणारं नवीन बी मिळतंय. ते तसलंच का, तुझ्या वांग्यासारखं? घ्यावं की नको?"

काय सांगू, माझ्या जिभेवर अख्खं भाषण येऊन उभं राहिलं! गोधडी, समुद्र, जिवाणू, भगिनींनो. दात आवळून धरले.

"माहीत नाही," मी म्हणाले.

हे वाक्य तिने माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

नातीला हाक मारली, ती आली. म्हणाली, "काकी, खारं पाणी सोसणारी साधी वाणंही आहेत, नेहमीच्या संकरातून केलेली. आणि आता प्रयोगशाळेत बदल करूनही नवीन भात करतायत. तुमच्या दिरांनी कुठलं बघितलंय, ते पाकिटावरचं वाचल्याशिवाय मी नाही सांगणार. चुकीचं सांगितलं तर तुमचं शेत जाईल."

"फोटो पाठवते पाकिटाचा," शेजारीण म्हणाली. तिने फोन काढला, नातीचा नंबर घेतला, नीट तपासून घेतला. मग माझ्याकडे वळून, "तुला नाही. हिला."

रविवारी टेम्पो आला. मी एक खोकं उचलायला गेले तर म्हणाली, "ठेव, तुझी कंबर जाईल," आणि ते कुणा दुसऱ्याला दिलं. राग होता की काळजी, मला ओळखता आलं नाही.

पेरणी जवळ आली. मी नातीला दिवसातून चारदा विचारते, फोटो आला का. आज म्हणाली, "आला." मी चष्मा शोधायला धावले. तिने फोन पाठीमागे धरला. "आजी, आधी मी त्यांना उत्तर देते. मग तू बघ."

ती लिहितेय. दोन तास झाले, अजून लिहितेय, मधेच पुस्तक उघडते, मधेच कुणाला तरी फोन करते. मी दाराशी उभी आहे आणि काहीही बोलत नाही.