राखणदाराचा कोंबडा

आमची तांबडी कोणी बरी केली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कोणी विचारलं तर मी प्रत्येकाला वेगळं सांगते, आणि सांगताना तेच खरं वाटतं.

तांबडी म्हणजे आमची कोंबडी. लाटंबार्से गावात आमचं घर काजूच्या बागेला लागून आहे. सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते जुळल्यावरही त्या उठायचं नाव घेईनात. मी सांगून सांगून थकले. ही तांबडी मात्र रोज त्यांच्या खाटेसमोर येऊन अशी ओरडायची की शेवटी तिला कणी घालायला त्या काठी टेकत उभ्या राहिल्या. आधी दारापर्यंत, मग अंगणात. म्हणून एका सकाळी तांबडी मान टाकून, डोळे मिटून बसलेली दिसली तेव्हा हातातलं काम टाकून मी तिच्याकडे धावले. एका कोंबडीचं काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मला काळजी सासूबाईंची होती. त्यांनी पेज तशीच ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

डिचोलीच्या गुरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण फार आशा धरू नका म्हणाले. मी चुलीजवळ टोपलीत जुनं लुगडं घालून तिला ठेवलं. चोच उघडून मीठ-साखरेचं पाणी थेंब थेंब सोडायचं, गोळीची पूड हळदीत कालवून भरवायची, पंखाखाली हात घालून ऊब आहे ना बघायचं, हेच चाललं होतं. सायकलवरून पाव विकायला येणारा पोदेर आला. नेहमीचा नव्हता, बदलीचा कोणी असावा. त्याच्याकडून पाव घेतला, दुधात भिजवून तिच्या चोचीला लावला, तर तोही गिळेना. मला रडू आलं. पोदेराच्या गळ्यात क्रूस होता, पण तो म्हणाला, “राखणदाराक सांगलें मगे, बाये?” आणि सायकलचा पोंगा वाजवत निघून गेला. तो पुन्हा आमच्या वाड्यावर आला नाही.

बागेच्या टोकाला राखणदाराचा, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचा, दगड आहे. तशीच धावत गेले, हात जोडले आणि लहानपणापासून कानावर पडलेलं तेच तोंडातून निघालं, “बा राखणदारा, हिला वाचव, तुला कोंबडा देईन.” परतताना वाटेत उमगलं, कोंबडीच्या जिवासाठी मी कोंबड्याचा जीव बोलून बसले होते. घरात कोंबडा एकच, तोही तांबडीनंच उबवलेला. ही माझी भक्ती म्हणायची की खुळेपणा, मला कळेना.

दुसऱ्या सकाळी तांबडी टोपलीतून उतरली आणि झोकांड्या खात जाऊन तिनं सासूबाईंच्या पेजेच्या वाटीत चोच घातली. त्या हसल्या, रडल्या, मला म्हणाल्या, “गो, माका दुसरी पेज हाड.” मी आनंदात पेज आणली, तर त्या सांगू लागल्या, “काल सातेरी देवीक सांगून ठेवलंय, हिका उठव, या घरात परत कोंबडा कापूचो नाय.”

वाटी माझ्या हातातच राहिली. मी त्यांना माझा नवस सांगितला. एकीचा फेडला की दुसरीचा मोडणार. तांबडी अंगणात भरभर चरायला लागली तसा माझा जीव जास्तच टांगणीला लागला, कारण देवानं आपलं काम केलं होतं आणि आम्हीच अडकलो होतो. शेवटी गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणी घालणाऱ्या घाडीकाकांकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारला. “तुमी सासू-सुनो आदी एकमेकांक विचारूक शकत नाय?” मग म्हणाले, “कापू नको. नेऊन सोड थंय दगडाकडे. मगे तो जाणा.”

सासूबाई काठी घेऊन स्वतः आल्या. पडल्यापासून बागेच्या टोकापर्यंत त्या पहिल्यांदाच चालल्या. घाडीकाकांनी गाऱ्हाणं घातलं, मी पायांची दोरी सोडली. कोंबडा काजूत शिरला आणि दिसेनासा झाला.

दिवेलागणीला तो खुराड्यावर येऊन बसला.

मी घाबरले. देवानं परत पाठवला की हा वाट ओळखून आला? सकाळी पुन्हा नेऊन सोडला, संध्याकाळी पुन्हा हजर. असं होता होता मी नेणं सोडलं. तो आपला आपण सकाळी बागेत जातो, राखणदाराच्या दगडापाशी उकिरतो आणि अंधार पडायच्या आत येतो. “राखणदाराचो तो,” सासूबाई सांगतात, “आमच्यात फक्त निजाक येता.”

नवस म्हणजे द्यायचं आणि मोकळं व्हायचं, असं मी समजत होते. आता वाटतं, दिलेलं त्यानं आमच्याकडेच सांभाळायला ठेवलं आहे. तांबडी तशीच, दारात काठी विसरून उभ्या राहिलेल्या सासूबाई तशाच, आणि मीही. हे मी बरोबर समजले की नाही, तो जाणे. मी कोंबड्याला कणी घालते, बागेकडे बघून हात जोडते आणि खुराड्याचं दार लावते.