नखानं सुटलेलं कोटिंग

नख घातलं आणि कोटिंग पापुद्र्यासारखं उचललं गेलं. ते छिन्नीनंही सहज सुटायला नको होतं.

सांबऱ्याजवळच्या आमच्या रिसर्च वर्कशॉपमध्ये मी कोल्ड स्प्रेचं काम बघते. यात धातूची पावडर वितळवत नाहीत. तापवलेल्या, दाबाखालच्या गॅसमधून ती प्रचंड वेगानं पार्टवर मारतात. आदळण्यानंच कण चपटे होऊन घट्ट बसतात. थरावर थर चढवून झिजलेली जागा भरता येते. निपाणीच्या एका पंप कारखान्याची पाच हाउसिंग, म्हणजे पंपाची बाहेरची कवचं, आम्ही अशी भरली होती. हे पाचवं. बाकीची चार आदल्या दिवशीच कारखान्यात गेली होती.

आमचे वर्कशॉप प्रमुख, सर, म्हणाले, "एखादा पीस बिघडला असेल. परत कर."

"सर, बाकीची आज प्रेशर टेस्टला लागणार. सील बसते ती, आपण भरलेली जागा सुटली तर गरम तेलाची धार थेट माणसावर येईल."

त्यांनी तो पापुद्रा हातात घेतला आणि फोन माझ्याकडं सरकवला.

कारखान्याचे टेस्ट इंजिनियर म्हणाले, "पहिलं लावलंय, प्रेशर चढवतोय."

"बंद करा! माणसं बाजूला घ्या. कोटिंग सुटतंय!"

फोनवर त्यांच्या मागची मोटर घरघरत होती. मग थांबली.

"केलं बंद," ते म्हणाले.

आता कारण शोधायचं होतं. स्प्रेआधी पार्टवर कॉम्प्रेसरच्या हवेनं खरखरीत वाळू मारून पृष्ठभाग साफ करतात; त्यावर तेलाचा अंश राहिला तरी कोटिंग धरत नाही. आमचे जुने ऑपरेटर आप्पा, खानापूरचे. त्यांनी वाळू बंद केली आणि नुसत्या हवेसमोर पांढरा कागद धरला. कागदावर पिवळट डाग उमटले.

"तेल हाय हो, आक्का. हवेतनंच येतंय."

हवेतलं तेल अडवणारा कॉम्प्रेसरचा ऑइल फिल्टर उघडला. आतली जाळी फाटून लोंबत होती. शेजारच्या चेकलिस्टवर 'फिल्टर तपासला' याच्यापुढं टिक होती. खाली सही माझी. मी झाकण उघडलंच नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही बघितलासा," आप्पा हळूच म्हणाले.

मी सरांना सांगितलं. कारखान्यालाही तसंच लिहून कळवलं. चारही हाउसिंग परत आली. त्यातल्या तीन हाउसिंगचं कोटिंग सुरीच्या टोकानं निघालं. त्या तीनांतलं एक तर टेस्टवर लावलेलंच होतं.

कारखान्यानं काही महिने काम दिलं नाही. मग दिलं.

फिल्टरचं झाकण उघडून बघायला सात मिनिटं लागतात. टिक करायला एक सेकंद.