शनिवारचं डिफ्रॅग

मी पदवीधर झालो तो सावर्ड्याजवळच्या आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. माझा अर्जसुद्धा सरांनीच भरला.

शनिवारी शाळा सुटली की सर आम्हांला लॅबमध्ये थांबवायचे. चपला बाहेर काढायच्या, लादी पुसायची आणि शेवटी मशीन डिफ्रॅगला लावायचं. फायलींचे विखुरलेले तुकडे सलग मांडले की मशीन धावतं, असं ते सांगत. त्या जुन्या, फिरत्या डिस्कसाठी ते खरंच होतं.

रत्नागिरीत नोकरी लागल्यावर मी लॅपटॉप घेतला. त्यात फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपांची ड्राइव्ह होती. भाताचे, मासळीचे, कातळावरच्या झाडांचे जे बोलीतले शब्द सरांनी नोकरीभर वह्यांत टिपले होते, ते मी त्यात टाइप केले. सरांना आता जवळजवळ दिसत नाही. त्या शब्दांचं पुस्तक व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. दर शनिवारी मी लॅपटॉप डिफ्रॅग करायचो. विंडोज स्वतःहून करीना, म्हणून वेगळं सॉफ्टवेअर टाकून करायचो.

गेल्या महिन्यात लॅपटॉप सुरूच झाला नाही. दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावली, तिथंही ती दिसेना. मी निगा कशी राखली ते सांगितलं, तर तो हसला.

"अहो, ह्यात फिरतंय काय? तुकडे कुठं का असेनात, हिला सारखंच. कांडलेला तांदूळ परत परत कांडत बसलात तुम्ही. कणीच होणार ना?"

डिफ्रॅगनेच ड्राइव्ह गेली का, ते त्याला सांगता येईना; तशीही जाते म्हणाला. पण डिफ्रॅग तुकडे नव्याने लिहितं, आणि दर वेळच्या लिहिण्याने ती झिजते. दुसरी प्रत कुठं आहे, असं त्याने विचारलं. दुसरी प्रत नव्हती. फायली काढून मिळतात का बघायला ड्राइव्ह मुंबईला पाठवली, तिथूनही तशीच परत आली.

सर दर रविवारी फोन करून पुस्तकाचं विचारत, आणि मी चाललंय म्हणायचो. खरं बोलायला तोंड उघडेना. शेवटी त्यांच्या सूनबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हे पत्र पाठवलं. त्याच त्यांना वाचून दाखवतात.

"आदरणीय सर,

गेले तीन रविवार मी तुमच्याशी खोटं बोललो. पुस्तकाचं काम बंद आहे. लॅपटॉपची डिस्क गेली, सगळे शब्द तिच्यात होते आणि दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. तुम्ही शिकवलंत ते चूक नव्हतं. ते दुसऱ्या डिस्कसाठी होतं. ही वेगळी आहे, हे पदवी घेऊनही मी कधी तपासलं नाही.

टाइप झालेल्या वह्या बंबात घालतो, असं तुम्ही म्हणाला होतात. एखादी जरी उरली असेल, तर ती जाळू नका. आजच सूनबाईंना सांगा.

एकही उरली नसेल, तर आठवतील तेवढे शब्द सांगा, मी पुन्हा लिहून घेतो. उद्या पहिल्या एसटीने निघतो. येऊ ना?"